डुकराचा व्हायरस बाटलीत का वाढेना?

परवा परभणीत चहा पिताना मामानं विचारलं, "तुम्ही लॅबमध्ये व्हायरस वाढवता म्हणं, म्हंजे दुधाला विरजण लावल्यासारखंच की." म्हटलं नाही हो मामा, विरजणात बॅक्टेरिया असतात, दूध मिळालं की त्यांचं भागतंय. व्हायरस म्हंजे आंब्यावरचं बांडगूळ, जमिनीत लावून बघा कधी येतंय का, त्याला जिवंत झाडच लागतं आन् व्हायरसला जिवंत पेशी.

त्यातही काही बांडगुळं लई नखऱ्याची. डुकरांचा पीईडी नावाचा रोग आहे, माणसाला होत नाही, पण आठवड्याच्या आतली पिल्लं पाण्यासारखं हगून हगून जातात, कधीकधी अख्खी वीण जाते. 1971 ला इंग्लंडात दिसला, 1978 ला बेल्जियममध्ये कळलं की हा कोरोनासारखा व्हायरस आहे. पण लॅबच्या बाटलीत वाढवलेल्या पेशींत काही केल्या वाढेना! मग व्हायरस टिकवायचा तर ह्या पिल्लातून त्या पिल्लात, दुसरा इलाजच नव्हता. 1988 ला स्वित्झर्लंडच्या हॉफमन आणि वायलर यांनी तो व्हेरो पेशींत वाढवला (ह्या पेशी आफ्रिकन हिरव्या माकडाच्या किडनीतल्या, 1962 ला जपानमध्ये तयार केलेल्या, नंतर जगभर गेलेल्या). युक्ती काय, तर ट्रिप्सिन.

ट्रिप्सिन म्हंजे आतड्यात प्रोटीन कापणारी कात्री. व्हायरसच्या अंगावर जे काटे असतात ते कापले गेल्याशिवाय त्याला पेशीत नीट शिरता येत नाही. पिल्लाच्या आतड्यात ही कात्री फुकट मिळते, बाटलीत कुठून येणार?

मग टाका की ट्रिप्सिन, असं वाटतं ना, पण गोची तिथंच आहे. पेशींना खायला आपण वासराचं सीरम (रक्त गोठल्यावर उरतं ते पिवळट पाणी) घालतो आन् सीरम ट्रिप्सिनला निकामी करतं, म्हणून आधी पेशी दोन-तीनदा धुवून सीरम काढायचं. आणि बाटलीच्या तळाला चिकटलेल्या पेशी सोडवायला लॅबमध्ये रोज वापरतो तेही ट्रिप्सिनच! जास्त पडलं की व्हायरस राहतो बाजूला, पेशीच तरंगायला लागतात, म्हणून मिलीलिटरला थोडेच मायक्रोग्रॅम. वर मेमध्ये बाहेर 43 अंश आन् पेशींना नेमके 37 पाहिजेत, लाइट गेली की आमचा जीव खालीवर.

सॅम्पल शेणातलंच, त्यात बॅक्टेरिया बेसुमार, ते बारीक फिल्टरमधून गाळून घालायचं. पहिल्या बाटलीत बऱ्याचदा काहीच दिसत नाही, तरी तेच पाणी दुसरीत, दुसरीतलं तिसरीत. आणि जमलं की मायक्रोस्कोपखाली फरशीसारख्या बसवलेल्या पेशी एकमेकींत मिसळून गोळे होतात, एका गोळ्यात कितीतरी केंद्रकं, गिच्च झालेल्या साबुदाणा खिचडीसारखं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं पेशीच खराब झाल्या, बाटली फेकणारच होतो.

मामाचा पुढचा प्रश्न: एवढी मरमर कशाला? तर असं बाटली-बाटली करत खूप वेळा वाढवला की व्हायरस बाटलीला सरावतो आन् पिल्लाला पहिल्यासारखा आजारी पाडू शकत नाही. कोरियात तोंडातून द्यायची लस अशाच शंभरेक बाटल्या बदललेल्या व्हायरसची आहे.