कळलावी : नावाचा गुंता आणि कंदाचे विष

सह्याद्रीच्या रानात श्रावण-भाद्रपदात फुलणाऱ्या कळलावीच्या औषधी उपयोगांचा वाद बराचसा तिच्या नावातच दडलेला आहे. मराठीत ‘कळ’ म्हणजे वेदना आणि ‘कळ’ म्हणजे भांडणही. घरात हे फूल आणले की भांडणे होतात, हा समज अजून टिकून आहे आणि संस्कृतातील ‘कलिकारी’ या नावाने त्याला आधारही मिळतो. तरीही उपयोगाचा इतिहास पाहता वेणांची कळ हाच अर्थ मला अधिक सयुक्तिक वाटतो. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या आयुर्वेदग्रंथात तिच्या पर्यायनावांमध्ये ‘गर्भनुत्’, म्हणजे गर्भ बाहेर ढकलणारी, हे नाव येते. भांडणाच्या समजुतीमुळे हा विषारी वेल अंगणापासून दूर राहिला असेल, तर ते बरेच झाले म्हणायचे.

मात्र ‘गर्भनुत्’ हा शब्द एकटा उचलल्यामुळे मोठा अनर्थ झाला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीनंतर वार अडकली असता लांगलीच्या, म्हणजे कळलावीच्याच, मुळाचा कल्क (वाटून केलेला लगदा) बाळंतिणीच्या तळहातांना आणि तळपायांना लावावा असे सांगितले आहे. हा उपचार बाहेरून करायचा आहे आणि गर्भ राहिला असतानाचा तर नाहीच. पुढे गर्भपातासाठी कंद पोटात देण्याची जी घातक प्रथा पडली, तिचे खापर या वचनावर फोडता येणार नाही. भावप्रकाशाने तर लांगलीला रुई, कण्हेर, गुंज, धोतरा यांच्या पंगतीत, सात उपविषांमध्ये, म्हणजे दुय्यम विषांमध्ये, बसवले आहे, आणि वैद्यपरंपरेत तिचा कंद गोमूत्रात भिजवून शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत.

नांगराच्या फाळासारखा वाकलेला हा कंद (‘लांगली’ हे नाव त्यावरूनच पडले) उकरून पाहिला, तर त्यात भीती वाटावी असे काहीच दिसत नाही. श्रीलंकेत तो रताळे समजून शिजवून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. काही तासांतच पटकीसारखे जुलाब-उलट्या सुरू होतात, मग एकेक अवयव निकामी होऊ लागतो, आणि जो वाचतो त्याचे केस पुढच्या एक-दोन आठवड्यांत गळतात. याचे कारण कोल्चिसीन. पेशींचे विभाजन रोखणारे हे द्रव्य 1820 मध्ये युरोपातील एका कुरणफुलातून वेगळे केले गेले आणि 1915 मध्ये कळलावीतही सापडले.

त्यानंतर कळलावीचे महत्त्व औषधी कारखान्यांच्या हिशेबात मोजले जाऊ लागले. वातरक्तावर, म्हणजे गाउटवर, कोल्चिसीन आजही दिले जाते, आणि 2023 मध्ये अमेरिकेत रोज 0.5 मिलिग्रॅम मात्रेला हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी मान्यता मिळाली. तामिळनाडूत, जिथे हे राज्यफूल आहे, शेतकरी मांडवांवर तिचे वेल चढवतात, एकेका फुलाला हाताने परागकण लावतात आणि बी निर्यातीसाठी विकतात.

आपल्याकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-1’ परिशिष्टात, म्हणजे विषारी घटकांच्या यादीत, लांगलीचे नाव आहे. त्यामुळे ती असलेल्या पोटात घ्यायच्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. रानातून उकरून थेट हातात दिलेल्या कंदाला असे वेष्टन नसते.