टफन्ड काच आणि सोलर काच: दिसायला सारखी, कामाला वेगळी

सोसायटीच्या गच्चीवरचं सोलर पॅनेल फुटलं, मग ते पोरांच्या बॉलने असो की वरून पडलेल्या विटेच्या तुकड्याने, की कमिटीत एक सूचना हमखास येते: "काचच आहे ना? काचवाल्याला बोलवा, टफन्ड काच मापात कापून बसवून देईल."

आता टफन्ड काच मापात कापता येत नाही, हे काचवाला स्वतःच सांगेल. माप आणि भोकं आधी, टफनिंग नंतर. काच सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापवतात आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचा जोरदार मारा करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो. आतला भाग मागाहून थंड होताना आकसतो आणि पृष्ठभागाला दाबाखाली धरून ठेवतो. म्हणून ती साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची होते, आणि फुटलीच तर सुऱ्यांऐवजी खडीसाखरेसारखे दाणे होतात. बाल्कनीच्या रेलिंगची काच अशीच असते. पॅनेलची नेहमीची ३.२ मिलिमीटरची काचही अशीच. साम्य जवळपास इथेच संपतं.

मूळ मसालाही तसा एकच: सत्तर टक्क्यांहून जास्त सिलिका, म्हणजे वाळू, शिवाय सोडा आणि चुना. खरा फरक वाळूतल्या लोहाचा. रेलिंगची काच समोरून स्वच्छ दिसते, पण कडेकडून बघा, हिरवीगार. तो हिरवा रंग लोहाचा. साध्या काचेत लोह ऑक्साइड साधारण ०.१ टक्का असतं, सोलर काचेत त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास; म्हणून तिची कड जवळजवळ पांढरी दिसते. एवढ्याशा लोहाने काय बिघडतं? आपल्या डोळ्यांच्या लेखी फारसं काही नाही. पण लोह डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश गिळतं, आणि सिलिकॉनचा सेल त्यातल्या बऱ्याच भागातूनही वीज काढतो. म्हणजे आपल्याला लख्ख वाटणारी काच सेलच्या दृष्टीने धुरकट असते. साध्या काचेतून उन्हातली जेमतेम ८३-८५ टक्के ऊर्जा पार होते, कमी लोहाच्या काचेतून ९१ च्या आसपास.

उरलेलं बरंचसं परावर्तनात जातं. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. म्हणून सोलर काचेवर सच्छिद्र सिलिकाचा अतिशय पातळ थर देतात, की आणखी दोनेक टक्के पदरात पडतात. हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. कबुतरांची विष्ठा वाळली म्हणून तारेची घासणी किंवा टॉयलेटचं अ‍ॅसिड घेऊन वर चढणाऱ्यांना हे आधी सांगायला हवं. पाणी ओतून विष्ठा भिजू द्यावी, मग मऊ ब्रश, तेही सकाळी काच तापायच्या आत. आणि शक्यतो पालिकेचं पाणी वापरावं. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी वाळलं की पांढरे डाग धरतात, ते नुसत्या पाण्याने जात नाहीत.

घडवण्याची रीतही निराळी. खिडकीची काच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात, म्हणून ती आरशासारखी सपाट. सोलर काच बहुतेक वेळा रोलरांमधून काढतात, त्यात तिच्यावर बारीक नक्षी उमटते. नक्षीची बाजू आत राहते आणि ईव्हीए नावाचं चिकट प्लास्टिक तिला धरून बसतं.

काच बदलता येत नाही ती या ईव्हीएमुळेच. काच, ईव्हीए, सेल, पुन्हा ईव्हीए आणि पाठीमागची शीट हे सगळं निर्वात यंत्रात सुमारे दीडशे अंशांवर दाबून एकजीव केलेलं असतं. सेलची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी. काच उचकटायला गेलात तर सेलचा भुगा. त्यामुळे बदलायचं ते अख्खं पॅनेल. तोवर फुटक्या पॅनेलला हात लावू नका. काचेचे दाणे जागच्या जागी चिकटलेले दिसतात, वीजही चालू असते, आणि पावसाचं पाणी आत शिरलं की शॉकचा धोका. इन्स्टॉलरकडून ते लाइनमधून काढून घ्यायचं.

"टफन्ड आहे का?" हा प्रश्न नव्या पॅनेलांना तर धड लागूही पडत नाही. दोन्ही बाजूंना २-२ मिलिमीटरची काच असलेल्या पॅनेलांत ती बहुधा अर्धवट टफन केलेली असते. तडकली तर लांब चिरा जातात, दाणे होत नाहीत. मात्र पाठीलाही काच असल्याने दमट हवा आत झिरपायला वाव कमी, आणि मुंबईत तो मुद्दा मोठा आहे. वजन मात्र वाढतं: काचेचं वजन मिलिमीटरच्या जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो, म्हणजे ३.२ ऐवजी एकूण ४ मिलिमीटर झाल्यावर दोन चौरस मीटरच्या पॅनेलमागे चार किलो जास्त. जुन्या इमारतीची गच्ची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला हा आकडा आधी द्या. आणि कोटेशनमध्ये काचेची जाडी, परावर्तनरोधक थर आणि खाऱ्या हवेच्या चाचणीचं प्रमाणपत्र या तीन गोष्टी लेखी मागा.