परत येणार म्हणाले होते, मग आले किती जण?

इ.स.पू. सहाव्या शतकात जेरुसलेमहून बॅबिलोनला, म्हणजे आजच्या इराकमध्ये, धरून नेलेले यहुदी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, नदीकाठी बसून रडणारी माणसं, झाडाला टांगून ठेवलेल्या वीणा. बायबलच्या १३७ व्या स्तोत्रात तसंच आहे आणि ते खोटं म्हणायचं काही कारण नाही. पण त्याच काळातल्या मातीच्या पाट्या वाचल्या तर हीच माणसं खंडाने शेती करतायत, टॅक्स भरतायत, खजूर आणि सातूच्या उधाऱ्या लिहून घेतायत आणि बाप गेल्यावर भावाभावांत वाटण्या करतायत.

या पाट्या साधारण २०० आहेत, त्यातल्या शंभरेक २०१४ मध्ये लॉरी पियर्स आणि कॉर्नेलिया वुन्श या दोघी अभ्यासकांनी छापल्या. सगळ्यात जुनी पाटी इ.स.पू. ५७२ ची, सगळ्यात नवी ४७७ ची. गावाचं नाव अल-याहुदू, म्हणजे सरळसरळ यहुदींचं गाव, दक्षिण इराकमध्ये निप्पूर या जुन्या शहराच्या आसपास कुठेतरी. कुठेतरी म्हणायची पाळी यासाठी की पाट्या उत्खननात सापडलेल्या नाहीत, जुन्या वस्तूंच्या बाजारातून आल्यात, आणि बाजारातून आल्या म्हणजे कुणीतरी चोरून खणून काढल्या असणार हे उघड आहे. तरी डेटचा मात्र प्रॉब्लेम येत नाही, कारण प्रत्येक कराराच्या शेवटी महिना, दिवस आणि राजाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष ते लिहिलेलं असतं, शिवाय साक्षीदारांची नावं, आणि ज्याच्याकडे शिक्का नाही त्याच्या नखाचा ठसा. अहिकाम नावाच्या एका माणसाचं घराणं तर चार पिढ्यांपर्यंत लावता येतं, आजोबा, बाप, तो स्वतः आणि त्याची पाच मुलं. राजाने जमीन दिली, बदल्यात कर आणि चाकरी, अशी सिस्टिम होती. श्रीमंती नव्हती, पण बस्तान बसलं होतं.

म्हणून मला वाटतं की बायबलमधल्या यशया, यिर्मया, यहेज्केल या संदेष्ट्यांनी (देवाचा निरोप सांगणाऱ्यांनी) दिलेली जेरुसलेमला परत जायची वचनं आपण जरा उलटी वाचतो. तुरुंगात खितपत पडलेल्यांना दिलेला धीर असं आपण समजतो, पण निदान शेवटच्या काळात तरी प्रॉब्लेम वेगळा होता, मांडलेला संसार मोडून हजार-दीड हजार किलोमीटर चालत जाऊन ओसाड गावात राहायला माणसं तयार कशी करायची.

आता थोडं मागे जाऊ. बॅबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदा राज्याची राजधानी जेरुसलेम दोनदा घेतली. पहिल्यांदा इ.स.पू. ५९७ मध्ये, त्याची तारीखसुद्धा बॅबिलोनच्या सरकारी बखरीत आहे, आपल्या हिशेबाने १६ मार्च. तेव्हा तरुण राजा यहोयाखीन याला धरून नेलं, आणि पुढे बॅबिलोनच्या कोठारातल्या पाट्यांवर यहूदाचा राजा आणि त्याची पाच मुलं यांना तेलाचं रेशन दिल्याची नोंद सापडते. दुसऱ्यांदा, ५८७ किंवा ५८६ मध्ये (विद्वानांचं या एका वर्षावरून अजून भांडण आहे), शहर आणि मंदिर जाळलं.

त्या आगीने जाळलं तसं काही वाचवलंसुद्धा. तेव्हा महत्त्वाचा कागद म्हणजे पपायरसची गुंडाळी, ती दोऱ्याने बांधायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचा आणि त्यावर शिक्का. आगीत पपायरस राख झाला, मातीचे गोळे भाजून टणक झाले. पुरातत्त्वज्ञ यिगाल शिलोह यांना १९८२ मध्ये जेरुसलेमच्या एकाच घरात असे ५१ गोळे मिळाले आणि त्यातल्या एकावर शाफानचा मुलगा गमऱ्या हे नाव आहे, यिर्मयाच्या पुस्तकात ३६ व्या अध्यायात राजवाड्यातल्या लेखनिकाचा मुलगा म्हणून येतं तेच नाव. दुसऱ्या एका मोठ्या इमारतीची जळलेली चुन्याची फरशी भूभौतिकीवाल्यांनी तपासली, ती ५०० अंशांच्या वर तापली होती. इतकी तापून निवताना त्यातले लोहयुक्त कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे जागच्या जागी पक्के होतात, त्यामुळे त्या आगीच्या वेळचं चुंबकीय क्षेत्र मोजता आलं आणि २०२० पासून ते दुसऱ्या ठिकाणांच्या डेटिंगला मापदंड म्हणून वापरता येतंय.

हे सगळं घडत असताना यिर्मया शहरातच होता. ५९७ नंतर हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळे परत येतील, लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाने बॅबिलोनला पत्र पाठवलं की घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, मुलांची लग्नं लावा, ज्या शहरात आहात त्याचं भलं चिंता, कारण ७० वर्षं लागणार. म्हणजे ऐकणाऱ्यातला बहुतेक एकही माणूस ते बघणार नाही. असलं वचन देणारा माणूस त्या काळात पॉप्युलर होणं शक्यच नव्हतं आणि झालाही नाही.

पण त्याने एक गोष्ट केली ती मला भाषणांपेक्षा जास्त पटते. शहराला वेढा पडलेला, तो स्वतः कैदेत, आणि चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो अनाथोथचं माझं शेत विकत घे. अनाथोथ जेरुसलेमच्या अगदी जवळ, म्हणजे बॅबिलोनी सैन्याच्या ताब्यातला मुलूख. धरणाच्या पाण्याखाली जाणारा प्लॉट रोख पैसे मोजून घ्यावा तसला व्यवहार. यिर्मयाने १७ शेकेल चांदी तोलून दिली. शेकेलची दगडी वजनं उत्खननात सापडली आहेत, एक साधारण ११.३ ग्रॅमचं, म्हणजे ही चांदी झाली १९० ग्रॅमच्या आसपास. साक्षीदार आले, खरेदीखताच्या दोन प्रती झाल्या, एक शिक्का मारून बंद आणि एक उघडी, आणि बारूख या लेखनिकाला सांगितलं की दोन्ही मातीच्या भांड्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. बंद प्रत भांडण झालं तरच फोडायची, उघडी रोज बघायला, ही पद्धत त्या भागात पुढे कित्येक शतकं चालली. आणि कोरड्या हवेत मातीच्या भांड्यातली गुंडाळी खरंच टिकते, मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांमध्ये ते दिसलंच.

७० या आकड्यावर लोकांनी फार डोकं फोडलंय. ६०९ ते ५३९ धरा (अश्शूर पडल्यापासून बॅबिलोन पडेपर्यंत), ५८६ ते ५१५ धरा (मंदिर जळाल्यापासून नवं बांधून होईपर्यंत), बसवायचा म्हटलं तर बसतो. मला त्यापेक्षा इंटरेस्टिंग वाटतं ते हे की हा आकडा आधीपासून वापरात होता. बॅबिलोनच्या उत्तरेकडच्या अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इ.स.पू. ६८९ मध्ये बॅबिलोन उद्ध्वस्त केलं, मग त्याचा मुलगा एसरहद्दोन याला ते परत बांधायचं होतं. त्याच्या शिलालेखात आहे की बॅबिलोनच्या मर्दुक देवाने शहर ७० वर्षं ओसाड राहील असं लिहिलं होतं पण दया येऊन त्याने आकडा उलटा केला आणि ११ वर्षं झाली. बॅबिलोनी आकडे ६० च्या पटीत चालायचे, उभी खूण जागेप्रमाणे ६० किंवा १, आणि कोनासारखी खूण १०. उभी आधी आणि कोन नंतर, झाले ७०. कोन आधी आणि उभी नंतर, झाले ११. देवाचा शब्दही मोडला नाही आणि राजाचं कामही झालं, सरकारी हुशारी अडीच हजार वर्षांपूर्वीही अशीच होती.

पुढे ५३९ च्या ऑक्टोबरमध्ये पर्शियाचा कोरेश, म्हणजे सायरस, बॅबिलोनमध्ये शिरला. यशयाच्या पुस्तकाचा ४० व्या अध्यायापासूनचा भाग बहुतेक अभ्यासक याच सुमाराचा मानतात, आणि त्यात या परक्या राजाला चक्क देवाचा अभिषिक्त, म्हणजे देवाने निवडलेला, म्हटलंय. गंमत म्हणजे सायरसचा लेख कोरलेला मातीचा दंडगोल वाचला तर तिथे मर्दुकनेच त्याला हाताला धरून निवडलेलं आहे. दोन्हीकडचे लोक एकाच विजेत्यावर आपापल्या देवाचा हक्क सांगतायत. हा दंडगोल १८७९ मध्ये सापडला, एरवी ब्रिटिश म्युझियममध्ये असतो, २०१३ च्या डिसेंबरपासून काही आठवडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता तेव्हा पुष्कळांनी बघितला असेल. त्यात देवांच्या मूर्ती आणि माणसं आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचं आहे, पण यहूदा किंवा जेरुसलेमचं नावसुद्धा नाही, हे त्याच्याबद्दल फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजमध्ये कुणी सांगत नाही. यहुद्यांना त्याने परत जाऊ दिलं हे बायबल सांगतं.

मग परत गेले किती? बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकात ४२,३६० चा आकडा आहे. जमिनीतून निघालेला पुरावा म्हणतो की पर्शियन काळातलं जेरुसलेम एक खेडंच होतं, कुणी काही शे म्हणतं, कुणी हजार ते तीन हजार, त्याच्या वर फारसं कुणी जात नाही. एका झटक्यात मोठी लाट आल्याची खूण मिळत नाही. दुसरीकडे निप्पूरला मुराशू नावाच्या सावकारी घराण्याचं दप्तर सापडलंय, इ.स.पू. पाचव्या शतकातलं, त्यातही यहुदी नावं आहेतच, म्हणजे दार उघडून शंभर वर्षं झाली तरी पुष्कळ जण तिथेच होते. मेसोपोटेमियातली ही वस्ती थेट विसाव्या शतकापर्यंत टिकली. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ ज्यांनी बांधलं ते डेव्हिड ससून मूळचे बगदादचे, ते याच समाजातले.

जे गेले त्यांचं काय झालं ते हाग्गय नावाचा संदेष्टा सांगतो, इ.स.पू. ५२० मध्ये. पेरलं पुष्कळ, हाती आलं थोडं, पाऊस नाही, मजुरी मिळते ती भोकं पडलेल्या पिशवीत टाकल्यासारखी. यशयाने तर वाळवंटात गंधसरू, मेंदीसारखी मर्टल, जैतून अशी झाडं लावायचं वचन दिलं होतं.

ती झाडं सापडली आहेत, पण वेगळ्याच जागी. जेरुसलेमच्या दक्षिणेला चारेक किलोमीटरवर रामात राहेल म्हणून टेकडी आहे, पर्शियन काळात तिथे सरकारी महाल होता, कर म्हणून गोळा होणाऱ्या माल-भांड्यांचे शिक्के मारलेले कान तिथे शेकड्याने मिळालेत. तिथल्या बागेतल्या हौदांचा गिलावा ओला असताना त्यावर फुलांचे परागकण चिकटले आणि वाळून आतच राहिले. तेल अवीव विद्यापीठाच्या डाफ्ना लँगूट यांनी ते थर सोलून मायक्रोस्कोपखाली बघितले, तर गंधसरू, मर्टल, जैतून, अक्रोड, कमळाच्या जातीची फुलं, आणि महाळुंग. आपल्याकडे ईशान्य भारतात हिमालयाच्या पायथ्याला उगवणारं हे फळ तिकडे पोचल्याचा सगळ्यात जुना पुरावा हाच, बहुधा पर्शियामार्गे, साहेबाच्या बागेची शान म्हणून. यहुदी लोक आज सुक्कोथच्या सणाला जे पिवळं, सुरकुतलेलं फळ हातात धरून प्रार्थना करतात आणि डाग नसलेलं मिळावं म्हणून भरमसाट पैसे मोजतात, ते हेच.