रिव्हर्स मॉर्गेज आणि ज्येष्ठांचे स्वास्थ्य

रिव्हर्स मॉर्गेज (उलट तारणकर्ज) : ज्येष्ठ व्यक्तीला स्वतःच्या राहत्या घरावर मिळणारे, हयातीत हप्ते फेडावे न लागणारे कर्ज. नेहमीच्या गृहकर्जात कर्जदार दरमहा हप्ता भरतो. इथे बँकच त्याला पैसे देते. ते एकरकमी, दरमहा किंवा लागतील तसे उचलता येतात. घराची मालकी कर्जदाराकडेच राहते. तो वारला, त्याने घर विकले किंवा कायमचे सोडले, की मुद्दल आणि साठलेले व्याज घराच्या किमतीतून वसूल होते.

असे पहिले कर्ज १९६१ साली अमेरिकेतील पोर्टलंड (मेन) येथे एका विधवेला दिले गेले, असे मानतात. १९८८ मध्ये तिथे केंद्र सरकारच्या विम्याचे पाठबळ असलेली योजना कायद्याने आली; तिच्यासाठी किमान वय ६२ आहे. कॅनडात हे कर्ज १९८६ पासून मिळते. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये सरकारी हमीची योजना सुरू केली. त्याच वर्षी भारताच्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि राष्ट्रीय आवास बँकेने नियम आखले. भारतात वयाची अट ६० वर्षांची आहे आणि हाती येणारी रक्कम उत्पन्न म्हणून करपात्र नाही, तरीही योजनेला प्रतिसाद तुरळकच राहिला. घर मुलांसाठी ठेवायचे असते, ही भावना त्यामागचे एक कारण म्हणून नेहमी सांगितली जाते.

या कर्जाची गरज पटकन लक्षात येते. निवृत्तीनंतर मिळकत आटते, औषधपाण्याचा खर्च वाढतो, घराची किंमत मात्र कागदावर फुगत जाते. आणि घराचा एक कोपरा विकून औषधे आणता येत नाहीत. अशा वेळी ओळखीचा शेजार न सोडता, मुलांपुढे हात न पसरता खर्च भागतो. रात्रीची झोप लागण्याच्या दृष्टीने हा आधार मोठा आहे. जुने गृहकर्ज या पैशातून फिटले तर दरमहाचा घोर तिथेच संपतो. न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवणे, मदतनीस ठेवणे असे टळत आलेले खर्चही उरकता येतात. मात्र कर्ज घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची मनःस्थिती सरळ समोरासमोर ठेवून निष्कर्ष काढू नये: पैशाची ओढाताण असलेले लोकच बहुधा याकडे वळतात, त्यामुळे त्यांची काळजी कर्जाने वाढली की आधीपासूनच होती, हे वेगळे काढणे अवघड जाते.

खरी मेख व्याजात आहे. हप्ता नसल्याने व्याजावर व्याज चढत राहते आणि दर ८ टक्के असेल तर कर्ज सुमारे नऊ वर्षांत दुप्पट, अठरा वर्षांत चौपट होते. म्हणूनच पैसे कसे उचलले याला फार महत्त्व आहे. याच दराने, मासिक चक्रवाढ धरून, १५ वर्षे दरमहा १,००० उचलले तर एकूण उचल १,८०,००० होते आणि देणे सुमारे ३,४६,००० वर जाते. तेच १,८०,००० पहिल्याच दिवशी घेतले तर देणे ५,९५,००० च्या आसपास पोचते. एकरकमी उचलीचे दुखणे अमेरिकेने अनुभवले आहे: पैसे संपलेल्या अनेक कर्जदारांना मालमत्ता कर आणि घराचा विमा भरता येईना. हे खर्च आणि घराची डागडुजी कर्जदाराच्याच माथी असतात. ते थकले तर कर्जफेडीचा तगादा लागतो आणि घरावर जप्तीही येऊ शकते. २०१३ पासून तिथे पहिल्या वर्षीच्या उचलीवर मर्यादा आली. पुढे, २०१५ पासून, कर्जदाराला हे खर्च झेपतील का, तेही तपासले जाऊ लागले.

दुसरा धोका जोडीदाराचा. कर्जाच्या कागदावर एकाचेच नाव असेल आणि तोच आधी गेला, तर मागे राहिलेल्याला घर सोडावे लागे. अमेरिकेत २०१४ पासूनच्या कर्जांत पात्र जोडीदाराला त्यापासून संरक्षण मिळाले. कोरियाच्या योजनेत मासिक रक्कम मागे राहिलेल्या जोडीदारालाही आयुष्यभर चालू राहू शकते. आजारपणाची अट तर सहसा कुणी बारकाईने वाचतच नाही. एकट्या कर्जदाराला शुश्रूषागृहात सलग १२ महिन्यांहून अधिक काळ राहावे लागले, तर अमेरिकी नियमांनुसार कर्ज फेडण्यायोग्य ठरते. म्हणजे माणूस सर्वांत हतबल असतानाच घराचा प्रश्न उभा राहतो. ‘हयातभर’ या शब्दावर विसंबण्याआधी हे कलम पाहावे.

कर्ज घराच्या किमतीपेक्षा वाढले तर? अमेरिका, ऑस्ट्रेलिया (२०१२ नंतरची कर्जे) अशा देशांत जास्तीची रक्कम कर्जदाराकडून किंवा वारसांकडून वसूल करता येत नाही. अमेरिकेत वारसांना घर ठेवायचे असल्यास पूर्ण कर्ज किंवा बाजारभावाच्या ९५ टक्के, यांतली कमी रक्कम भरावी लागते.

फ्रान्समधील ‘व्हियाजे’ हा यासारखा पण वेगळा व्यवहार. त्यात कर्ज नसते, घर विकलेच जाते आणि खरेदीदार विक्रेत्याला मरेपर्यंत ठरलेली रक्कम देतो. आर्ल येथील ९० वर्षांच्या जान काल्माँ यांच्याशी १९६५ मध्ये एका वकिलाने दरमहा २,५०० फ्रँकचा असा करार केला. तो १९९५ मध्ये वारला. काल्माँबाई १९९७ मध्ये वयाच्या १२२ व्या वर्षी गेल्या. तोवर पैसे वकिलाच्या कुटुंबाला भरावे लागले.