पट्टी काढणे

गाणं कानानं ऐकून त्याचा सा कुठं आहे आणि त्यात कोणते स्वर लागतात हे पेटीवर शोधणं म्हणजे पट्टी काढणं. वऱ्हाडात काय नि झाडीपट्टीत काय, भजनी मंडळाच्या पेटीवाल्याचं हे रोजचंच काम, कारण भजनाचे शब्द नवे असले तरी चाल बरेचदा कुठल्यातरी गाजलेल्या गाण्यावरून उचललेली असते, नोटेशन कोणाकडे नसतं आणि गाणारा एवढंच विचारतो, "भाऊ, पट्टी कोनती हाय?" उत्तर येतं 'काळी एक' नाहीतर 'पांढरी चार'. पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्यांचा सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ. पण या उत्तरात फक्त सा कळतो, थाट म्हणजे बाकीचे स्वर शुद्ध की कोमल-तीव्र ते कळत नाही, आणि अर्धे घोटाळे इथूनच सुरू होतात.

'पट्टी' हा शब्द पेटीच्या लाकडी पट्ट्यांवरून आला असावा. 'वरच्या पट्टीत बोलणं' हा वाक्प्रचार जुना धरून शब्द पेटीच्या आधीचा आहे असंही म्हणता येईल, पण पट्ट्या मोजून सा सांगायची पद्धत पेटीशिवाय संभवत नाही, म्हणून पहिलंच मत बरं वाटतं. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये अलेक्झांडर डेबेन यांनी १८४२ मध्ये घेतलं. मांडी घालून वाजवायची हातपेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्याकडून आली, साल कुठं १८७५ तर कुठं १८८४ च्या आसपास देतात.

सा शोधताना ध्रुपदाची, म्हणजे परत परत येणारी, ओळ संपते तिथं आवाज कुठं टेकतो ते आधी गुणगुणायचं. ज्या स्वरावर थांबल्यावर पुढं जावंसं वाटत नाही तो सा, पण कितीतरी चाली ध्रुपदाला गंधारावर (ग) नाहीतर पंचमावर (प) सोडतात, त्यामुळे एकाच ओळीवर विश्वास ठेवू नये. तबल्याकडे कान द्यावा, त्यातला दायां, म्हणजे उजव्या हाताचा, बहुधा सा मध्येच मिळवलेला असतो, कधीकधी पंचमात. मग सापडलेला सा आणि त्याचा पंचम एकत्र दाबून धरायचे आणि त्यावर गाणं म्हणून पाहायचं. गंधारानं पारख करू नये, कारण गळ्यातला शुद्ध गंधार ५:४ या प्रमाणात म्हणजे सा पासून ३८६ सेंटवर (पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट) बसतो आणि पेटीचा ४०० वर, म्हणजे १४ सेंट चढा. पंचमात हा फरक जेमतेम २ सेंटचा आहे. पेटीवरचा हा आक्षेप जुना आहे, ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली त्यामागं इतर कारणांबरोबर हेही होतं, ती १९७१ पासून हळूहळू सैल झाली. गावातल्या मंडळांनी मात्र पेटी कधी सोडली नाही.

थाट काढताना खरी गंमत येते. नुसत्या पांढऱ्या पट्ट्या घ्या, पांढरी एक सा धरली तर बिलावल, दोन धरली तर काफी, तीन भैरवी, चार कल्याण, पाच खमाज, सहा आसावरी. सातव्या पट्टीवरून शुद्ध पंचमच मिळत नाही म्हणून ती सोडून द्यायची. संगीतशास्त्रकार भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी सहा असे सुटतात, उरलेले भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी काळी-पांढरी मिसळल्याशिवाय निघत नाहीत. नुसत्या पाच काळ्यांचंही तसंच: काळी एक वरून दुर्गा राग, दोन वरून धानी, तीन वरून भूप, चार वरून मेघाचे स्वर आणि पाच वरून मालकंस. म्हणजे 'या गाण्यात सगळ्या काळ्याच लागतात' एवढ्यावरून पट्टी सांगणारा भूपाचं गाणं मालकंसात नेऊन ठेवू शकतो, आणि लोकं ठेवतातही.

ही युक्ती नाट्यशास्त्र या जुन्या ग्रंथातल्या मूर्च्छनेसारखीच आहे, म्हणजे तेच सात स्वर दर वेळी वेगळ्या स्वरापासून सुरू करायचे. तिथं षड्जग्राम आणि मध्यमग्राम या दोन मूळ स्वरमालांच्या प्रत्येकी सात, मिळून चौदा मूर्च्छना सांगितल्यात. ग्रंथाचा काळ इ.स.पू. दुसरं शतक ते इ.स. दुसरं शतक असा ढोबळमानानं धरतात. षड्जग्राम आजच्या काफीजवळचा होता असं बहुतेक अभ्यासक मानतात, मग शुद्ध, म्हणजे आधाराचं, सप्तक काफीवरून बिलावलवर कधी आलं हा प्रश्न राहतो. पाटण्याच्या मुहंमद रझा यांच्या १८१३ च्या 'नगमात-ए-आसफी'त बिलावल शुद्ध धरलेलं आहे आणि भातखंडे यांनी (१८६०–१९३६) तेच पुढं चालवलं. पण ग्रंथात १८१३ ला आलं म्हणजे गळ्यात तेव्हाच आलं असं नाही, वाजवणाऱ्यांच्या हातात ते बरंच आधी रुळलेलं असावं.

कॅसेटच्या काळात आणखी एक अडचण होती. वेग सुमारे ६ टक्के बदलला की अख्खी एक पट्टी सरकते, सेल उतरला की काळी एकचं गाणं पांढरी एकवर यायचं, नाहीतर दोघींच्या मधेच लटकायचं. अशा वेळी जवळची खालची पट्टी धरलेली बरी, गळा मोकळा राहतो.

कारण शेवटी मूळ गाण्याच्या पट्टीत गायचं बंधन नसतंच. पुरुषांची मंडळं साधारण काळी एक ते काळी दोन, बायांची काळी चार-पाच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) परंपरेतल्या सामुदायिक प्रार्थनेला बाया-माणसं एकत्र असतात, तिथं मधली पट्टी धरावी लागते. खंजिरीचं कातडं ओल आली की सैल पडतं, म्हणून तिच्यावरून सा काढू नये. आता कीबोर्डवाले ट्रान्सपोजचं बटण दाबून एकाच पट्टीत बोटं फिरवतात, स्केलचेंजर पेटीतही तेच, फक्त तिथं अख्खा कीबोर्ड सरकवतात.