माइल्स डेव्हिसचे दोन क्विंटेट: न दाखवलेला आराखडा आणि नसलेला आराखडा

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या चार दशकांहून मोठ्या कारकिर्दीविषयी लिहिणारे बहुतेक जण त्याच्या दोन क्विंटेटपाशी, म्हणजे पाच वादकांच्या संचांपाशी, थांबतात. १९५५ ते १९५८ चा पहिला आणि १९६४ ते १९६८ चा दुसरा. पहिल्याने गाण्यांचा आराखडा, म्हणजे ठरलेली लांबी आणि स्वरसंगतीचा क्रम, पाळला आणि दुसऱ्याने तो फेकून देऊन फ्री जॅझ, म्हणजे आराखड्याशिवायचे जॅझ, वाजवले, असे सांगून ते मोकळे होतात. यातला पहिला भाग बरोबर आहे. दुसरा भाग चुकीचा आहे, आणि तो इतक्या ठिकाणी जसाच्या तसा उतरवला गेला आहे की नवा श्रोता दुसऱ्या क्विंटेटमध्ये जे ऐकायला हवे तेच ऐकत नाही. आराखडा नाहीच, अशी समजूत करून घेतल्यावर तो शोधणार कोण?

पहिल्या क्विंटेटवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही, कारण तो जॅझ ऐकणाऱ्या बहुतेकांच्या कानात आधीच बसलेला असतो. टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोलट्रेन, पियानोवर रेड गार्लंड, बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर फिली जो जोन्स. हार्मन म्यूट (आवाज दबवणारे झाकण) लावलेल्या माइल्सच्या ट्रम्पेटचा तो बारीक, अगदी जवळून आल्यासारखा आवाज. आणि प्रेस्टीज कंपनीचा करार पुरा करण्यासाठी ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ या दोन दिवसांत रुडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत मुद्रित झालेले संगीत, ज्यातून पुढे चार अल्बम निघाले. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगावी लागते: १९५९ चा ‘काइंड ऑफ ब्लू’ यांपैकी कोणत्याही क्विंटेटचा नाही. तो सेक्स्टेटचा, म्हणजे सहा जणांच्या संचाचा, आहे, आणि त्याला पहिल्या क्विंटेटची सर्वोत्तम कामगिरी म्हणणे गार्लंड आणि फिली जो या दोघांवरही अन्याय करणारे आहे, कारण त्यावर ते दोघेही नाहीत.

दुसऱ्या क्विंटेटमध्ये वाद्ये तीच राहिली, माणसे बदलली; वाद्यांच्या वरच्याच क्रमाने: वेन शॉर्टर, हर्बी हॅनकॉक, रॉन कार्टर आणि १९६३ मध्ये माइल्सकडे आला तेव्हा अवघ्या सतरा वर्षांचा असलेला टोनी विल्यम्स. स्टुडिओत जुन्या गाण्यांऐवजी संचातल्यांच्याच, विशेषतः शॉर्टरच्या, रचना आल्या. हे फरक कोणीही अल्बमच्या पाठीवर वाचू शकतो आणि त्यांच्यामुळे कोणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो आराखड्यापाशी, आणि तो सोडवण्यासाठी दोन्ही क्विंटेटांनी वाजवलेली एकच रचना घ्यावी. ‘इफ आय वेअर अ बेल’ हे बत्तीस बारांचे (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) गाणे आहे. १९५६ च्या मुद्रणात गार्लंड घंटेच्या टोलांनी सुरुवात करतो, माइल्स चाल वाजवतो, आणि नंतर तेच बत्तीस बार, त्याच कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) क्रमाने, आवर्तनामागून आवर्तन फिरत राहतात. त्यात आपण कुठे आहोत हे तिघे जण सतत सांगत असतात: चेंबर्स कॉर्ड बदलताच तिचा मूळ स्वर देतो, गार्लंड ती कॉर्ड स्पष्ट वाजवतो, आणि आठ बार संपले की फिली जो ड्रमवरच्या एखाद्या तुकड्याने ती सीमा दाखवून देतो. श्रोत्याला मोजावे लागत नाही.

आता तेच गाणे शिकागोच्या प्लग्ड निकेल क्लबमध्ये २२ आणि २३ डिसेंबर १९६५ च्या रात्री दुसऱ्या क्विंटेटने कसे वाजवले, ते ऐकावे. हॅनकॉकने पुढे सांगितले आहे की त्या वेळी, अपेक्षित असेल त्याच्या उलट वाजवायचे, अशी कल्पना टोनी विल्यम्सने सोबत्यांपुढे मांडली होती. परिणाम असा की सीमा दाखवण्याचे काम तिघेही एकाच वेळी थांबवतात. कार्टर मूळ स्वराऐवजी दुसराच स्वर धरून ठेवतो, हॅनकॉक कधी कॉर्ड झाकोळून टाकतो तर कधी हातच उचलून घेतो, आणि विल्यम्स आठ बारांच्या शेवटी शांत राहून पाचव्या बाराच्या मध्यावर कडाडतो. लय मध्येच दुप्पट होते, मध्येच विरते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे सारे सुटलेले वाटावे, यात नवल नाही.

पण ते सुटलेले नाही. मूळ चाल मनातल्या मनात गुणगुणत बासकडे कान लावला, तर काही वेळाने कार्टर कॉर्डच्या मूळ स्वरावर येतो तेव्हा, बहुतेक वेळा, आपणही चालीत नेमके तिथेच असतो. बत्तीस बार फिरतच होते; फक्त ते कोणी मोठ्याने सांगत नव्हते. पाचही जणांनी मोजणी डोक्यात ठेवली आहे, आणि म्हणूनच ते एकमेकांना इतके दूर ओढू शकतात. न दाखवलेला आराखडा आणि नसलेला आराखडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या क्विंटेटच्या मैफिलींतला सारा ताण पहिल्या गोष्टीतून येतो. आराखडा खरोखर नसता, तर त्याच्या विरुद्ध वाजवण्याला काही अर्थच उरला नसता. त्याच वर्षी, जून १९६५ मध्ये, कोलट्रेनने ‘असेन्शन’ मुद्रित केले. त्यात अकरा वादकांच्या कल्लोळात स्थिर ठेक्याचा आधारही विरघळतो. या दोन मुद्रणांना एकाच नावाखाली टाकणाऱ्यांनी ती सलग ऐकावीत.

आराखडा खरोखर सोडलेली मुद्रणे या क्विंटेटकडे आहेत, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर १९६६ च्या ‘माइल्स स्माइल्स’ या अल्बममधल्या ‘ऑर्बिट्स’ आणि ‘डोलोरेस’ या रचनांत चाल संपल्यावर कॉर्डचे आवर्तन उरत नाही. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या मागे पियानो गप्प राहतो आणि बास एकल वादकाच्या कलाने वाट काढतो. ठेका मात्र अखंड चालतो. फ्री जॅझचा सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन याच्या १९५९ च्या चौकडीशी तुलना करायची असेल तर ती इथे करावी. इथे ती योग्य आहे. पण त्याच अल्बममधली ‘फूटप्रिंट्स’ ही बारा बारांची मायनर ब्लूज आहे. कार्टर आणि विल्यम्स तिच्या सहा मात्रांच्या चालण्यावरून चार मात्रांच्या ठेक्यावर जातात आणि परत येतात, तरी बारा बारांचे आवर्तन मोडत नाही. १९६७ च्या ‘नेफर्टिटी’ या रचनेत तर माइल्स आणि शॉर्टर एकही सोलो न घेता तीच चाल पुन्हा पुन्हा वाजवतात आणि सारी उलथापालथ खाली ड्रम्समध्ये होते. याहून काटेकोर आराखडा पहिल्या क्विंटेटनेही कधी पाळला नसेल. ज्या क्विंटेटच्या मुद्रणांत अशा उलट टोकाच्या रचना शेजारी नांदतात, त्याला एकच शिक्का मारणे आळशीपणाचे आहे.

माझ्या मते या क्विंटेटची खरी ओळख स्टुडिओतल्या अल्बमांपेक्षा प्लग्ड निकेलच्या त्या दोन रात्रींत होते, आणि ‘काइंड ऑफ ब्लू’वरून थेट ‘माइल्स स्माइल्स’कडे पाठवणारा सल्ला नव्या श्रोत्याची दिशाभूल करतो. आधी १९५६ चे ‘इफ आय वेअर अ बेल’ चाल पाठ होईपर्यंत ऐकावे, मग शिकागोचे ऐकावे, आणि बत्तीस बार हाती लागल्यावरच ‘ऑर्बिट्स’ लावावे.