बांगाईचा चंदेरी मासा आणि दुर्मिळतेचा भाव

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय बाळगणाऱ्या हौशी मंडळींत पेपरमिंट एंजल या माशाचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. बोटाएवढ्या लांबीच्या या माशाच्या लालभडक अंगावर पांढरेशुभ्र उभे पट्टे असतात. प्रशांत महासागरातील कुक बेटांपैकी रारोटोंगाच्या आसपास सापडलेल्या या माशाचे शास्त्रीय वर्णन 1992 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर बाजारात आलेल्या मोजक्या माशांपैकी काहींची किंमत वीस हजार डॉलरच्या वर गेल्याचे सांगितले जाते. एवढा महाग मासा नामशेष होण्याच्या बेतात असणार, असे कोणालाही वाटेल. मात्र माशाची बाजारातली दुर्मिळता आणि समुद्रातली दुर्मिळता यांचा परस्परसंबंध आपण समजतो तितका सरळ नाही.

पेपरमिंट एंजल महाग आहे, कारण तो खोलवर राहतो. त्याचा वावर साधारण 55 ते 120 मीटर खोलीवर, अंधूक प्रकाशातल्या प्रवाळभित्तींच्या उतारावर असतो. शंभर मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरील हवेच्या दाबाच्या अकरा पट होतो. तिथे साधी हवा श्वासात घेणाऱ्या पाणबुड्याला नायट्रोजनची गुंगी चढते आणि त्या दाबाखाली ऑक्सिजनही विषारी ठरतो, म्हणून हेलियम मिसळलेले वायू वापरावे लागतात. तळाशी काही मिनिटे काम केले, तर वर येताना टप्प्याटप्प्याने थांबत काही तास घालवावे लागतात. माशाची अडचण वेगळीच असते. त्याच्या पोटातील वाताशयात वायू असतो आणि वर येताना दाब उतरत गेला, की हा वायू फुगतो. खूप सावकाश वर आणणे, किंवा पोकळ सुई बाजूने टोचून जादा वायू हलकेच सोडून देणे, एवढेच उपाय हाती असतात. सुईचा कोन चुकला, तर आतली इंद्रिये दुखावतात. थोडक्यात, खरेदीदार जी किंमत मोजतो ती मुख्यतः पाणबुड्याच्या जोखमीची असते, आणि हीच जोखीम माशाला जाळ्यापासून दूर ठेवते.

याच्या अगदी उलट कहाणी बांगाई कार्डिनल या माशाची आहे. इंडोनेशियातील सुलावेसीच्या पूर्वेस असलेला बांगाई द्वीपसमूह हे त्याचे एकमेव मूळ घर. स्वीडिश संशोधक वॉल्टर काउडर्न यांनी 1920 च्या सुमारास त्याचे नमुने गोळा केले आणि डच मत्स्यतज्ज्ञ कौमन्स यांनी 1933 मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे साठ वर्षे त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. 1994 मध्ये मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड ॲलन यांना तो पुन्हा दिसला, त्यांची छायाचित्रे हौशी जगात पोहोचली आणि मागणी उसळली. चंदेरी अंगावर तीन काळे उभे पट्टे, लांब रेशमी पर आणि त्यांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी असे त्याचे रूप आहे, आणि स्वभाव तर इतका संथ की तो जागचा हलत नाही. एक-दोन मीटर पाण्यात, अर्चिन या लांब काळ्या काट्यांच्या, गोळ्यासारख्या सागरी प्राण्याच्या आश्रयाने हे मासे घोळक्याने राहतात. धोका वाटला की सगळा घोळका काट्यांच्या जाळीत शिरतो. मच्छीमार नेमका याच सवयीचा फायदा घेतो: अर्चिनला काठीने बाजूला सारून माशांना जाळ्यात हाकणे हे घटकाभराचे काम असते. त्याबद्दल मच्छीमाराला माशामागे जेमतेम काही सेंट मिळत असत.

या माशाची खरी अडचण त्याच्या वंशवृद्धीच्या पद्धतीत आहे. प्रवाळभित्तीवरील बहुतेक माशांची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर कित्येक आठवडे समुद्रप्रवाहाबरोबर भरकटतात, त्यामुळे एका बेटावरचे मासे संपले तरी दुसऱ्या बेटावरून नवी भरती होऊ शकते. बांगाई कार्डिनलमध्ये हे भरकटणे होतच नाही. मादी जेमतेम नव्वदपर्यंत, पण आकाराने मोठी अंडी घालते. नर ती तोंडात घेतो आणि सुमारे वीस दिवस उबवतो. पिल्ले बाहेर आल्यावरही तो त्यांना आणखी आठवडाभर तरी तोंडातच ठेवतो. या जवळजवळ महिनाभराच्या काळात त्याच्या पोटात अन्नाचा कण जात नाही. शेवटी तोंडातून बाहेर पडतात ती आईबापांसारखीच दिसणारी, थेट शेजारच्या अर्चिनकडे पोहणारी इवली पिल्ले. परिणामी काही किलोमीटर अंतरावरच्या दोन भित्तींवरील मासेसुद्धा आनुवंशिकदृष्ट्या वेगळे पडले आहेत. एका भित्तीवरचा समूह संपला, तर ती जागा आपोआप भरून निघण्याची शक्यता नगण्य असते.

या शतकाच्या पहिल्या दशकात निर्यातीसाठी दरवर्षी सहा ते नऊ लाख मासे पकडले जात असल्याचे अंदाज होते, आणि एकूण संख्येचा एक अंदाज होता सुमारे 24 लाख. 2007 मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने त्याची गणना संकटग्रस्तांत केली. त्याच वर्षी अमेरिकेने आणि 2016 मध्ये युरोपीय संघाने सायटिस या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत त्याला घालण्याचा प्रस्ताव मांडला. दोन्ही प्रस्ताव मागे घेतले गेले. दरम्यान अर्चिन आणि समुद्रपुष्पे (फुलासारखे दिसणारे, तळाला चिकटून राहणारे प्राणी) यांचीच उचल सुरू झाल्याने माशांचा आसराही आटत गेला. हा फटका जाळ्यापेक्षा कमी गंभीर नाही, असे मला वाटते.

गंमत अशी, की बंदिस्त टाकीत वाढवायला याच्याइतका सोपा सागरी मासा क्वचितच मिळेल. एंजलच्या सूक्ष्म पिल्लांना त्याहून सूक्ष्म जिवंत खाद्य लागते आणि ते जमवताना तज्ज्ञही हरतात. बांगाईची पिल्ले मात्र पहिल्याच दिवशी नुकत्याच उबलेल्या आर्टेमियावर, म्हणजे कोळंबीसारख्या इवल्या जीवांवर, ताव मारतात. क्लाउन माशांची पैदास तर भारतातही रुळली आहे, नवी मुंबईत ऐरोलीलाही त्यांची पिल्ले तयार होतात. तरीही बांगाईच्या बाबतीत समुद्रातून पकडलेला मासा इतका स्वस्त पडत असे, की टाकीत वाढवण्याचा खर्च त्यापुढे टिकत नसे. थायलंडमधील मोठ्या प्रमाणावरच्या पैदाशीने हे गणित अलीकडे कुठे बदलू लागले आहे.

व्यापाराच्या वाटेवर सुटलेल्या किंवा सोडून दिलेल्या माशांच्या वसाहती उत्तर सुलावेसीच्या लेंबे सामुद्रधुनीत आणि बालीच्या किनाऱ्यावरही वाढल्या आहेत. लेंबे तर मूळ घरापासून सुमारे 400 किलोमीटर दूर आहे. तिथल्या घोळक्यांकडे बोट दाखवून मासा सुरक्षित असल्याचे सांगितले जाते, पण हे मासे मालाच्या खेपेतून आलेल्या मोजक्या पूर्वजांचे वंशज आहेत, आणि बांगाईच्या प्रत्येक भित्तीने स्वतंत्रपणे घडवलेले वेगळेपण त्यांच्यात शोधून सापडणार नाही.